गळ्यावरील लेबल आणि वस्त्राचा कालनिर्णय : एका हेतूची परीक्षा

१

जुन्या पोथीचा काळ ठरविणारा अभ्यासक प्रथम तिचे शेवटचे पान उलटतो. जुन्या पाश्चात्त्य पोशाखाचा काळ ठरविणारा प्रथम त्याचा गळा उलटून पाहतो. पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते, पोशाखाच्या गळ्याशी लेबल असते. दोन्ही ठिकाणी नाव सापडते, क्वचित् स्थळ सापडते, आणि भाग्य असेल तर वर्षही सापडते. एवढ्या साम्यामुळे दोन्ही ठिकाणी एकच मोह उत्पन्न होतो. तो म्हणजे लिहिलेले वाचले की काळ समजला असे मानण्याचा. पोथ्यांच्या बाबतीत हा मोह आवरण्याची शिस्त ग्रंथपरीक्षेने बऱ्याच अंशी निर्माण केली आहे. वस्त्रांच्या बाबतीत ती शिस्त अद्याप तितकी रुजलेली नाही. आणि नामांकित पेढ्यांच्या जुन्या पोशाखांना वस्तुसंग्रहालयांत व बाजारात जसजसे महत्त्व आले, तसतसा लेबलावरचा विश्वासही वाढत गेला. म्हणून लेबल हा कालनिर्णयाचा हेतू कितपत निर्दोष आहे, याची परीक्षा करणे आवश्यक ठरते.

लेबलाच्या बाजूने जे म्हटले जाते ते प्रथम नीट मांडले पाहिजे. पोशाखाची घडण हा काळाचा पुरावा खरा; पण तो पुष्कळदा ढिला असतो. व्हेनिस येथे मारियानो फॉर्चुनी याने घडविलेला ‘डेल्फॉस’ हा चुण्यांचा रेशमी झगा याचे उत्तम उदाहरण आहे. या झग्याचे स्वामित्व त्याने १९०९ मध्ये पॅरिस येथे नोंदविले आणि त्यानंतर चार दशके तो फारसा फरक न होता तयार होत राहिला. अशा वस्त्राची केवळ घडण पाहून त्याला विशिष्ट दशकात बसविणे दुरापास्त आहे. उलट लेबलाचे अक्षर, पत्ता, विणीचा प्रकार, त्यावरील अंक व चिन्हे ही ठरावीक काळी बदलतात. ते बदल नोंदवून तक्ता केला की घडण जेथे मूक राहते तेथे लेबल बोलू लागते. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु कोणताही हेतू साध्य सिद्ध करण्यास समर्थ आहे की नाही हे ठरविण्यासाठी न्यायशास्त्राने काही कसोट्या सांगितल्या आहेत. हेतू साध्याला सोडून अन्यत्र आढळतो काय, जेथे साध्य आहे तेथे तो आढळत नाही असे होते काय, आणि हेतू व साध्य एकमेकांच्याच आधाराने उभे आहेत काय, या तीन प्रश्नांची उत्तरे लेबलाच्या संदर्भात शोधणे हे प्रस्तुत विवेचनाचे प्रयोजन आहे.

२

वस्त्रावर कर्त्याचे नाव घालण्याची चाल फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यूरोपात स्त्रियांचे उंची पोशाख शिवणाऱ्या कारागिरिणी बहुधा वस्त्रावर आपले नाव ठेवीत नसत. कापड ग्राहक आणी, कल्पना बव्हंशी ग्राहकाची असे, आणि शिवणारीचे काम सेवेच्या पलीकडे मानले जात नसे. ही स्थिती पालटण्याचे श्रेय मुख्यतः चार्ल्स फ्रेडरिक वर्थ (१८२५-१८९५) याला दिले जाते. इंग्लंडमधील लिंकनशायरात जन्मलेल्या या गृहस्थाने पॅरिसला जाऊन ओटो बोबर्ग या भागीदारासह १८५७-५८ च्या सुमारास स्वतःची पेढी काढली. त्याने ग्राहकाची आज्ञा घेण्याऐवजी ग्राहकापुढे आपली रचना ठेवली. आणि चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो त्याप्रमाणे वस्त्राच्या आत आपले नाव ठेवले.

हे नाव प्रारंभी गळ्याशी नव्हते. त्या काळच्या घट्ट चोळीसारख्या अंगरख्याच्या आत कमरेशी एक फीत असे; ती आवळून बांधली म्हणजे वस्त्र जागच्या जागी राही. त्या फितीवर पेढीचे नाव सोनेरी अक्षरांत छापलेले असे. पुढे ते विणले जाऊ लागले. ज्या वस्त्रांना अशा आतील बांधणीची गरज उरली नाही त्यांत लेबल गळ्याशी आले. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यातील उंची पोशाखांतही, जेथे आतील बांधणी शिल्लक होती तेथे, ते कमरेच्या फितीवर आढळते. म्हणजे ‘गळ्यावरील लेबल’ हे नावच थोडे अव्याप्त आहे. ज्याने केवळ गळा पाहिला आणि लेबल नाही असे ठरविले, त्याने पुरावा नाही असे सिद्ध केले नसून आपला शोध अपुरा होता एवढेच सिद्ध केले.

वर्थच्या पेढीचे उदाहरण लेबलाचे सामर्थ्य व मर्यादा एकाच वेळी दाखविते. ज्या फितीवर वर्थ आणि बोबर्ग अशी दोन्ही नावे आहेत ती भागीदारीच्या काळातील, म्हणजे १८७०-७१ च्या पूर्वीची असली पाहिजे. येथे पूर्वमर्यादा आणि उत्तरमर्यादा दोन्ही मिळतात. कालनिर्णयाच्या शास्त्रात यापेक्षा समाधानकारक स्थिती क्वचितच लाभते. पण पुढच्या काळात याच पेढीच्या लेबलावर वर्थची स्वाक्षरी आली. स्वाक्षरी हा व्यक्तीचा सर्वांत खासगी ठसा. तो पाहून वस्त्र वर्थच्या हयातीतील आहे असे मानण्याकडे मन सहज झुकते. तथापि वर्थ १८९५ मध्ये वारला. त्याचे पुत्र गास्ताँ व झाँ-फिलिप यांनी पेढी चालविली आणि लेबलावर स्वाक्षरी राहिली. स्वाक्षरी करणारा गेला तरी स्वाक्षरी चालूच राहिली. जे हस्ताक्षर दिसते ते वस्तुतः मागावर विणलेले पेढीचे चिन्ह होय. त्यावरून पेढी सिद्ध होते, हयात सिद्ध होत नाही.

याच काळातील आणखी एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील उंची कापड अतिशय महाग असे, आणि फॅशन बदलली म्हणून ते टाकून देण्याची रीत नव्हती. १८६० च्या दशकातील घेरदार घागऱ्यात जे वारेच्या वार कापड लागे, त्यातून १८७० च्या दशकातील मागे उचललेल्या घागऱ्याची नवी बेतणी सहज निघत असे. अशा पुन्हा शिवलेल्या वस्त्रात फीत मूळचीच असू शकते. फितीवरचे नाव खरे, फीतही खरी, तिचे टाकेही खरे; पण डोळ्यांपुढे जे रूप आहे ते त्या फितीच्या काळाचे नाही. अभ्यासकाने तेव्हा ‘हे वस्त्र केव्हाचे’ असा एकच प्रश्न न विचारता, कापड केव्हाचे, पहिली शिवण केव्हाची आणि शेवटची शिवण केव्हाची, असे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. लेबल त्यांपैकी फार तर दुसऱ्याचे उत्तर देते.

३

विसाव्या शतकात पेढीच्या लेबलाशेजारी दुसऱ्या प्रकारची लेबले आली. ती कायद्याने, शासनाने अथवा कामगार संघटनेने लावविलेली होती. कालनिर्णयाच्या दृष्टीने ती पेढीच्या लेबलापेक्षा अधिक विश्वसनीय ठरतात. कारण पेढी आपले लेबल केव्हा बदलील हे तिच्या लहरीवर अवलंबून असते, पण कायद्याला तारीख असते.

अमेरिकेतील वस्त्रांपुरते बोलावयाचे तर पुढील टप्पे निश्चित आहेत. लोकरीच्या मालावर घटकांची माहिती देणे बंधनकारक करणारा कायदा १९४० मध्ये संमत होऊन १९४१ मध्ये अमलात आला. सर्व प्रकारच्या तंतूंना लागू होणारा कायदा १९५८ मध्ये संमत झाला व ३ मार्च १९६० पासून अमलात आला. कपडा कसा धुवावा, कशी इस्त्री करावी यासंबंधीची कायम टिकणारी सूचना वस्त्रावर असलीच पाहिजे हा नियम ३ जुलै १९७२ पासून लागू झाला. शब्दांऐवजी केवळ चिन्हांनी ही सूचना देण्याची मुभा १९९७ मध्ये मिळाली. स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे लेबल तितकेच उपयुक्त आहे. ही संघटना १९०० मध्ये स्थापन झाली. दोन मोठ्या कामगार महासंघांचे १९५५ च्या डिसेंबरात एकीकरण झाल्यावर तिच्या लेबलावर दोहोंची आद्याक्षरे जोडून आली. १९७४ मध्ये लेबलाला तांबडा, पांढरा व निळा असे राष्ट्रध्वजाचे रंग मिळाले. आणि १९९५ मध्ये ती संघटना दुसऱ्या संघटनेत विलीन झाली.

या टप्प्यांचा उपयोग कसा करावा हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या पोशाखात दुकानाच्या नावाचे लेबल आहे, जोडलेल्या आद्याक्षरांचे संघटनेचे लेबल आहे, परंतु तंतूंची माहिती नाही आणि धुण्याची सूचनाही नाही. पहिल्या दृष्टीस वाटेल की हे वस्त्र १९५५ ते १९६० या पाच वर्षांत निश्चित बसले. वस्तुतः या निष्कर्षाच्या दोन टोकांचे बळ सारखे नाही. १९५५ ची पूर्वमर्यादा एका उपस्थित गोष्टीवर उभी आहे; ती दृढ आहे. १९६० ची उत्तरमर्यादा एका अनुपस्थितीवर उभी आहे; ती शिथिल आहे. तंतूंची माहिती वेगळ्या कागदी चिठ्ठीवर असून ती पहिल्याच दिवशी काढून टाकली गेली असेल. लेबल मानेला टोचते म्हणून कात्रीने उडविले गेले असेल. ‘नाही’ या शब्दाचा अर्थ कधी ‘नव्हते’ असा होतो, तर कधी ‘राहिले नाही’ असा होतो. हे दोन अर्थ वेगळे करण्यासाठी लेबल वाचून भागत नाही. ज्या जागी ते असावयास हवे होते तेथील कापडावर सुईची भोके आहेत काय, तेवढाच चौकोन कमी विटला आहे काय, हे पाहावे लागते.

नोंदणीक्रमांकांविषयीही असाच विवेक हवा. लोकरीच्या कायद्याखाली उत्पादकांना दिलेले क्रमांक १९४१ ते १९५९ या काळातील आहेत. त्यामुळे असा क्रमांक दिसताच वस्त्र त्याच काळातील होय असे अनुमान केले जाते. पण या वर्षांत क्रमांक दिले गेले, एवढाच त्याचा अर्थ. क्रमांक मिळालेली पेढी पुढे कित्येक वर्षे तोच क्रमांक वापरीत राहू शकते. क्रमांकाने पूर्वमर्यादा मिळते, उत्तरमर्यादा मिळत नाही. देणे आणि वापरणे या दोन क्रियांतील अंतर विसरल्यामुळे हे अनुमान अतिव्याप्त होते.

नावांच्या साम्यामुळे होणारी गफलत याहून सूक्ष्म आहे. अमेरिकन शासनाच्या आर्थिक पुनरुत्थानाच्या योजनेचे निळ्या गरुडाचे चिन्ह १९३३ मध्ये आले आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ मे १९३५ रोजी त्या योजनेचा आधारभूत कायदा घटनाबाह्य ठरविताच त्याचे प्रयोजन संपले. निळा गरुड असलेले लेबल त्यामुळे जेमतेम दोन वर्षांच्या अवधीत बसते. परंतु स्त्रियांचे कोट व सूट शिवणाऱ्या उद्योगाने त्यानंतर स्वेच्छेने आपले स्वतंत्र मंडळ चालविले, त्याच्या नावातही पुनरुत्थान हा शब्द ठेवला, आणि त्या मंडळाचे लेबल पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. जो अभ्यासक त्या एका शब्दावर थांबतो तो १९५० च्या दशकातील कोटाला १९३४ मध्ये नेऊन बसवितो.

४

लेबलावर प्रत्यक्ष आकडा असला तर प्रश्न सुटला असे वाटणे स्वाभाविक आहे. पण सर्वांत मोठी फसगत तेथेच होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले, आणि कापड, मजुरी व किंमत यांवर बंधने घालून ‘उपयुक्त वस्त्रां’ची शासकीय योजना आखण्यात आली. या योजनेखालील कपड्यांवर रेजिनाल्ड शिप याने रेखाटलेले चिन्ह असे. फोड काढलेल्या चीजच्या दोन चकत्यांसारखे दिसणारे दोन ‘सी’ आणि त्यांपुढे ४१ हा आकडा, असे त्याचे स्वरूप होते. हा आकडा वाचून वस्त्र १९४१ मधील आहे असे समजणारे आजही पुष्कळ आहेत. वास्तविक योजना १९५२ पर्यंत चालू होती आणि चिन्हातील आकडा अखेरपर्यंत ४१ हाच राहिला. १९५१ मध्ये शिवलेल्या कोटावरही ४१ आहे.

मराठीच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या रचनेचा शक १२१२ हा ग्रंथाच्या अखेरीस आला आहे. म्हणून तो शक पुढील शतकांतील नकलांतही उतरत गेला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ग्रंथाचे शोधन केल्यानंतरच्या नकलांतही तो असतो. कोणताही विचारी संशोधक त्या आकड्यावरून हातातील प्रत शके १२१२ ची आहे असे म्हणणार नाही. रचनाकाल आणि लेखनकाल यांतील भेद त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. ‘४१’ हा आकडा योजनेचा आहे, कोटाचा नाही. पोथीच्या बाबतीत जो भेद प्राथमिक मानला जातो, तो वस्त्राच्या बाबतीत विसरला जावा हे नवल आहे.

पेढीने आपण होऊन घातलेल्या वर्षालाही ही मर्यादा लागू पडते. पॅरिसमधील झान लान्व्हँ हिच्या पेढीच्या दोन महायुद्धांमधील काळातल्या लेबलांवर कित्येकदा ऋतू व वर्ष विणलेले आढळते. ख्रिस्तियाँ दिओर याची पहिली वस्त्रमालिका १२ फेब्रुवारी १९४७ रोजी सादर झाली. त्याच्या पेढीच्या अस्सल पोशाखांतही पुष्कळदा लेबलावर शरद-हिवाळा किंवा वसंत-उन्हाळा असा ऋतू, वर्ष आणि क्रमांक दिसतात. कालनिर्णयाच्या दृष्टीने हे भाग्यच होय. पण हे वर्ष मालिकेचे आहे. एखादी रचना त्या ऋतूत सादर झाली म्हणजे त्या रचनेचे प्रत्येक वस्त्र त्याच आठवड्यात शिवले गेले असे नव्हे. ग्राहकाची मागणी, मापे, नीट बसवून पाहणे यांत काळ जातो. येथे होणारी चूक बहुधा महिन्यांची असते, दशकांची नसते, हे खरे. तथापि तत्त्व तेच आहे.

५

काळाबरोबरच लेबलाकडून कर्तृत्वाचीही साक्ष काढली जाते. किंबहुना बाजारात काळापेक्षा कर्तृत्वालाच अधिक किंमत येते. या बाबतीत विसाव्या शतकाच्या मध्यातील दोन पेढ्या एकमेकींशी ताडून पाहणे उद्बोधक आहे.

दिओर २४ ऑक्टोबर १९५७ रोजी वारला. त्याच्यानंतर इव्ह सँ लोराँ याने आणि मग १९६० च्या अखेरीपासून १९८९ पर्यंत मार्क बोआँ याने त्या पेढीच्या रचना केल्या. लेबलावरचे नाव मात्र ख्रिस्तियाँ दिओर हेच राहिले. त्या नावाच्या बहुसंख्य वस्त्रांना दिओरचा हात कधी लागलाच नाही. कारण त्याने स्वतःच्या नावाच्या पेढीत जेमतेम अकरा वर्षे काम केले. उलट क्रिस्तोबाल बालेन्सियागा याची पॅरिसची पेढी १९३७ मध्ये निघाली व १९६८ मध्ये बंद झाली; पण स्पेनमधील त्याच्या पेढ्यांतून जे पोशाख निघत त्यांच्यावर ‘एइसा’ हे लेबल असे. त्याच्या आईच्या आडनावावरून हे नाव घेतलेले होते. एकीकडे एक नाव व अनेक हात, दुसरीकडे एक हात व दोन नावे. ज्याला हे ठाऊक नाही तो दिओरच्या लेबलाला अवाजवी मान देईल आणि ‘एइसा’ला कोण्या अज्ञात प्रादेशिक शिंप्याचे काम समजून बाजूला ठेवील. दोन्ही चुका एकाच गृहीतातून निघतात, आणि ते गृहीत म्हणजे लेबलावर कर्त्याचे नाव असते, हे होय. लेबलावर मालकीचे नाव असते; कर्ता आणि मालक एक असणे हा योगायोग आहे, नियम नव्हे.

या गृहीताची किंमत काही व्यक्तींना फार भारी पडली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय रचनाकार ॲन लो (१८९८-१९८१) हिचे उदाहरण या संदर्भात टाळता येण्यासारखे नाही. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड हिने १९४७ मध्ये ऑस्कर पारितोषिक स्वीकारताना घातलेला पोशाख ॲन लोने रचला होता. पण त्यावर नाव होते सोनिया रोझेनबर्ग यांचे. १२ सप्टेंबर १९५३ रोजी जॅकलीन बूव्हिए हिचा जॉन केनेडींशी विवाह झाला, तेव्हाचा वधूवेषही ॲन लोचाच. विवाहाच्या थोडे दिवस आधी तिच्या कार्यशाळेत पाणी शिरून तयार वस्त्रे नासली आणि तिने ती पुन्हा शिवून दिली. एवढे होऊनही त्या वेळी रचनाकार म्हणून तिच्या नावाचा सर्वत्र उच्चार झाला नाही. १९४७ च्या पोशाखाचे लेबल खोटे नव्हते. ते अस्सल होते, त्याच काळचे होते, योग्य जागी शिवलेले होते. लेबलांच्या तक्त्यात ते बिनचूक बसते. आणि तरीही ते वाचून जे ज्ञान होते ते असत्य आहे. लेबलाच्या अस्सलपणाची परीक्षा आणि लेबलाच्या साक्षीची परीक्षा या दोन भिन्न परीक्षा आहेत, हे याहून स्पष्ट रीतीने दाखविता येणार नाही.

६

खोट्या लेबलांचा प्रश्न यानंतर येतो. त्याचे वय लेबलाच्या वयापेक्षा फारसे कमी नाही. पोल प्वारे हा पॅरिसचा विख्यात रचनाकार १९१३ मध्ये अमेरिकेत गेला असता आपण कधीही न शिवलेल्या कपड्यांवर आपल्या नावाची लेबले लावून ते विकले जात असल्याचे त्याला आढळले. दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या पेढ्यांनी आपल्या हक्कांच्या रक्षणासाठी संघ स्थापन केला. मादलेन व्हिओने हिने याच कारणास्तव आपल्या लेबलावर सहीबरोबर अंगठ्याचा ठसाही घालण्यास आरंभ केला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की प्वारेच्या नावाची ती बनावट लेबले त्याच काळात विणलेली होती. आज ती तपासली तर दोरा जुना, वीण जुनी, विटलेपण अस्सल, असाच निर्वाळा मिळेल. समकालीन बनावट ही उत्तरकालीन बनावटीपेक्षा नेहमीच अधिक दुर्भेद्य असते. बनावट ताम्रपटांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे सांगावयास नको.

या सर्वांतून बाहेर पडण्याचा मार्ग एकच आहे. लेबलाला वस्त्रापासून वेगळे न वाचता वस्त्राचा एक भाग म्हणून वाचणे. लेबल कोणत्या दोऱ्याने शिवले आहे? पॉलिएस्टरच्या तंतूचा शोध १९४१ मध्ये लागला व त्याचा व्यापारी प्रसार १९५० च्या दशकातील आहे. अशा दोऱ्याने लावलेले १९३० चे लेबल मागाहून लावलेले असले पाहिजे. लेबलाचे टाके अस्तराच्या खाली गेले आहेत की वरून घातलेले आहेत? अस्तर बसविण्यापूर्वी शिवलेले लेबल हलविणे कठीण, वरून टाचलेले हलविणे सोपे. बंद कशाचे आहेत? एल्सा स्किआपरेली हिने १९३५ च्या सुमारास उंची पोशाखांवर चेन उघडपणे मिरविली. त्यापूर्वीच्या म्हणविल्या जाणाऱ्या झग्यात मूळची चेन आढळली तर लेबल काहीही म्हणो, संशयाला जागा आहे. ही अंतर्गत साक्ष लेबलाच्या विरोधात गेली तर निकाल लेबलाच्या बाजूने देता येणार नाही. कारण लेबल चार टाके उसवून बदलता येते, वस्त्राची बेतणी तशी बदलता येत नाही.

७

आता आरंभी उपस्थित केलेल्या तीन प्रश्नांकडे वळता येईल. लेबल हा हेतू अतिव्याप्त आहे. कारण नोंदणीक्रमांक, योजनेचा आकडा, संस्थापकाचे नाव ही त्या त्या काळाबाहेरील वस्त्रांवरही आढळतात. तो अव्याप्त आहे. कारण असंख्य वस्त्रांवर लेबल नव्हतेच किंवा राहिले नाही. आणि तो अन्योन्याश्रय दोषाच्या अगदी कडेवर उभा आहे. लेबलांचे कालक्रमदर्शक तक्ते कशावरून केले जातात? ज्यांचा काळ ठाऊक आहे अशा वस्त्रांवरून. त्या वस्त्रांचा काळ कशावरून ठाऊक झाला? जेथे तो विवाहाच्या नोंदीवरून, दिनांकित छायाचित्रावरून, पेढीच्या हिशेबवहीवरून अथवा कायद्याच्या तारखेवरून ठरलेला आहे, तेथे दोष नाही. पण जेथे तो दुसऱ्या तशाच लेबलावरून ठरविलेला आहे, तेथे तक्त्याची एक ओळ दुसरीच्या खांद्यावर आणि दुसरी पहिलीच्या खांद्यावर उभी राहते. तक्ता जितका मोठा तितका हा दोष अधिक झाकला जातो. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर तिचा लेबलेतर आधार लिहिणे ही अशा तक्त्यांची पहिली अट मानली पाहिजे.

याचा अर्थ लेबल त्याज्य आहे असा नव्हे. ते साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही, एवढेच सिद्ध होते. चांगल्या साक्षीदाराप्रमाणे काही गोष्टी ते निश्चयाने सांगते. वस्त्र यापूर्वीचे नाही हे ते उत्तम सांगते. यानंतरचे नाही हे क्वचित् सांगते. आणि कोणी केले हे ते फार कमी वेळा सांगते. साक्षीदाराला जे ठाऊक नाही ते त्याच्या तोंडून वदवून घेण्याचा दोष परीक्षकाचा असतो.

शेवटी एक गोष्ट केवळ कालनिर्णयाच्या पलीकडची आहे. लेबल हे प्रमाण मानले की ज्याला लेबल नाही ते इतिहासाबाहेर पडते. घरी शिवलेला झगा, गल्लीतल्या शिवणारीने बेतलेला पोशाख, मोठ्या रचनाकारांनी १९४२ मध्ये ब्रिटिश शासनासाठी आखलेले पण निनावी विकले गेलेले उपयुक्त कपडे, आणि ॲन लोसारख्या स्त्रियांनी दुसऱ्यांच्या नावाखाली केलेले काम, ही सर्व वस्त्रे तक्त्याच्या रकान्यात बसत नाहीत. म्हणून ती संग्रहात कमी येतात, आली तर त्यांचा अभ्यास कमी होतो, आणि अभ्यास कमी झाल्यामुळे त्यांचा काळ अधिकच अनिश्चित राहतो. अमेरिकन पोशाखाच्या आत पुष्कळदा दोन लेबले जवळजवळ शिवलेली सापडतात. मोठ्या, रेशमी लेबलावर एकाच व्यक्तीचे नाव असते. लहान, सुती लेबलावर ज्यांनी ते वस्त्र प्रत्यक्ष शिवले त्या सर्वांच्या संघटनेचे. संग्राहकाची दृष्टी पहिल्यावर खिळते आणि काळ ठरविण्यापुरती दुसऱ्याकडे वळते. वस्त्राच्या इतिहासकाराने दुसरे लेबलही नाव म्हणूनच वाचले पाहिजे. ते वाचल्यावर मग लेबलावरून दृष्टी काढून टाक्याकडे वळविली पाहिजे. कारण कर्त्याची खरी खूण तेथे आहे, आणि ती उसवली तर वस्त्रच उरत नाही.